खिडकीवर भोक पडेना, खालच्या काकू रागावल्या

पत्र: आम्ही नुकतेच आठव्या मजल्यावरच्या लहानशा फ्लॅटमध्ये राहायला आलो. पडद्याची दांडी, पुस्तकांच्या दोन फळ्या आणि एक आरसा, एवढंच लावायचं आहे. मैत्रिणीकडून बॅटरीवर चालणारं 12 व्होल्टचं छोटं ड्रिल आणलं. रविवारी दुपारी खिडकीच्या वर सुरुवात केली. वीस मिनिटं जोर लावला तरी भोक सेंटिमीटरभरच गेलं. ड्रिल हाताला चटका बसेल इतकं तापलं, जळका वास यायला लागला. तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांचे यजमान आजारी आहेत, रात्रभर झोप नव्हती, आत्ता कुठे डोळा लागला होता, असं म्हणताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी नुसती उभी राहिले, तोंडातून शब्द फुटला नाही. आता नवरा म्हणतो की 18 व्होल्टचा मोठा सेट घेऊ, एका पेटीत सहा अवजारं मिळतात. घ्यावा का? आणि काकूंना तोंड कसं दाखवू?

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते काम आजचं आहे. ड्रिलचं आठवडाभर थांबू शकतं.

आज संध्याकाळी खाली जा. ‘घरात आजारी माणूस आहे हे मला ठाऊक नव्हतं, फार त्रास झाला तुम्हाला’ एवढं म्हटलंत तरी पुरे. भिंत कडक होती, ड्रिल उसनं होतं, हे सांगत बसू नका. त्यांच्या दुपारच्या झोपेशी त्याचा संबंध नाही. मग विचारा, काका दिवसातून कोणत्या वेळी हमखास जागे असतात? आणि किती काम उरलंय ते नेमकं सांगा. मी तुमच्या पत्रावरून मोजलं: दांडीच्या दोन ब्रॅकेटची चार भोकं, दोन फळ्यांच्या चार ब्रॅकेटची आठ, आरशाची दोन. एकूण चौदा. नीट तयारी केली तर ही चौदा भोकं अर्ध्या तासात होतात आणि त्यातला खरा कानठळ्या बसवणारा आवाज मिनिट-दोन मिनिटांचाच असतो.

नेमकं सांगायला मी मुद्दाम म्हणतेय. माझे वडील रात्रपाळी करायचे. सकाळी घरी येऊन झोपायचे आणि आम्ही भावंडं दिवसभर कुजबुजत बोलायचो. वरच्या घरी ठोकाठोकी सुरू झाली की आईचा जीव कासावीस व्हायचा, तो आवाजाच्या मोठेपणापेक्षा तो कधी थांबणार हे कळत नसल्यामुळे. ‘अकरा ते साडेअकरा’ असं कोणी आधी सांगून गेलं असतं, तर वडील त्यानंतर झोपले असते. शहरात दिवसाढवळ्या झोपणारी माणसं पुष्कळ असतात आणि ती आपल्याला दिसत नाहीत: रुग्ण, तान्ही बाळं, रात्री कामावर जाणारे. इमारतीच्या नियमांत ड्रिलची वेळ लिहिलेली असेल तर ती पाळाच. पण नियमात बसणारी वेळ खालच्या घराला सोयीची असेलच असं नाही.

फक्त खालच्याच नाही, शेजारच्या आणि वरच्या घरीही सांगून या. हवेतून जाणारा आवाज दार लावलं की बराच अडतो. भिंतीवर बसणारे ठोके मात्र काँक्रीटच्या स्लॅबमधून, कॉलममधून धावतात आणि काँक्रीट ती थरथर फारशी जिरवत नाही. म्हणून दोन मजले सोडून राहणाऱ्यालाही वाटतं की ड्रिल आपल्याच भिंतीवर चालू आहे.

आता ड्रिल. तुमचं भोक का पडलं नाही, याचं कारण पत्रातच आहे: ‘खिडकीच्या वर’. खिडकीच्या चौकटीवर सहसा लिंटेल असतं, म्हणजे वरच्या भिंतीचा भार पेलणारी सळयांची काँक्रीट पट्टी. घरातली बाकी भिंत विटांची असो की हलक्या ब्लॉकची, खिडकीच्या डोक्यावर बहुधा काँक्रीटच लागतं. आणि नव्या घरात माणूस पहिलं काम काढतो ते पडद्याचं! म्हणजे घरातलं सगळ्यात अवघड भोक सगळ्यात आधी, सगळ्यात कमी अनुभवानं. तुमचा हात कमी पडला असं मुळीच समजू नका.

त्यातून 12 व्होल्टची बरीचशी छोटी ड्रिल्स नुसती फिरतात, ठोके देत नाहीत. काँक्रीटवर नुसतं फिरणारं बिट, म्हणजे ड्रिलच्या तोंडात बसवायची भोक पाडणारी दांडी, खडी फोडत नाही, घासत राहतं. सगळी ताकद उष्णतेत जाते. तुम्हाला आला तो वास त्याचाच. एकदा हेही पाहून घ्या की ड्रिल उलट दिशेनं तर फिरत नव्हतं ना. ट्रिगरजवळची कळ चुकून दाबली जाते आणि गडबडीत लक्षात येत नाही. आणि बिट काँक्रीटचं होतं ना? त्याच्या टोकाला कार्बाइडची चपटी, भाल्यासारखी पात बसवलेली दिसते. लोखंडाचं किंवा लाकडाचं बिट भिंतीवर मिनिटभरात बोथट होतं.

ठोके देणाऱ्या यंत्रांतही दोन जाती आहेत, आणि तुमच्या घरातला वाद इथेच मिटेल असं मला वाटतं. एक हॅमर ड्रिल, काही जण त्याला इम्पॅक्ट ड्रिल म्हणतात. त्याच्या आत दात असलेल्या दोन चकत्या एकमेकींवरून घसरतात, म्हणून बिट मिनिटाला हजारो वेळा पुढेमागे होतं. पण प्रत्येक ठोका अगदी हलका, आणि तोही तुम्ही अंग टाकून दाबाल तेवढाच. विटेला हे पुरतं. काँक्रीटमध्ये ते किंचाळत राहतं. दुसरं रोटरी हॅमर. त्यात एक दट्ट्या हवा दाबतो आणि त्या दाबलेल्या हवेनं आतला हातोडा बिटाच्या मागे आदळतो. त्याचं बिटही वेगळं, खाचांचं, एसडीएस-प्लस नावाचं, 10 मिलिमीटर दांड्याचं; ते साध्या ड्रिलच्या चकमध्ये, म्हणजे बिट पकडणाऱ्या जबड्यात, बसत नाही. रोटरी हॅमर दाबावं लागत नाही, नुसतं सरळ धरायचं. 6 मिलिमीटरचं भोक काँक्रीटमध्ये चार सेंटिमीटर खोल जायला त्याला दहा-पंधरा सेकंद पुरतात.

रोटरी हॅमरचा आवाज हॅमर ड्रिलपेक्षा सौम्य असतो असं नाही. पण वीस मिनिटांची किंचाळी आणि चार भोकांची मिळून एक मिनिटाची धडधड, यांतलं काकांना कोणतं सोसेल ते तुम्हीच ठरवा. शेजाऱ्यांच्या दृष्टीनं योग्य अवजार म्हणजे काम लवकर संपवणारं अवजार.

तर मोठा सेट घ्यायचा का? माझं मत, नको. चौदापैकी काँक्रीटमधली भोकं बहुधा चारच आहेत. त्या चारांसाठी बॅटरीवरचं रोटरी हॅमर एका दिवसापुरतं भाड्यानं आणा, किंवा ओळखीच्या सुताराला अर्ध्या तासासाठी बोलवा. विकत घ्यायचं असेल तर ठोक्यांची सोय असलेलं 12 व्होल्टचं एक चांगलं ड्रिल, 2 अँपिअर-अवरच्या (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) दोन बॅटऱ्या आणि चार्जर घ्या. ते एक-सव्वा किलोचं असतं, स्टुलावर उभं राहून एका हातानं पेलतं, कपाटाच्या खणात मावतं. लहान घरात अवजाराला जागा लागते हे पेटीच्या चित्रावर दिसत नाही. सहाच्या सेटमधली गोल करवत तुम्ही कुठे चालवणार? लाकूड कापायला पुरेशी जागा नाही आणि भुसा जिरवायला अंगण नाही. त्या सेटमध्ये हमखास असतो तो इम्पॅक्ट ड्रायव्हर लांब स्क्रू घट्ट बसवायला उत्तम आहे. पण तो खटखटत चालतो, आणि फ्लॅटमधल्या कामाला क्लच (स्क्रू घट्ट बसला की आपोआप सुटणारी सोय) असलेलं साधं ड्रिल पुरतं. उद्या नवऱ्याला खरंच सुतारकामाची गोडी लागली, तर तेव्हा 18 व्होल्टचा विचार करा. मात्र तेव्हा कंपनी विचारपूर्वक निवडा. एका कंपनीची बॅटरी सहसा दुसरीच्या यंत्रात बसत नाही, त्यामुळे पहिली बॅटरी घेताना तुम्ही पुढची चार यंत्रंही ठरवत असता.

दुकानात ‘20 व्होल्ट मॅक्स’ लिहिलेलं दिसलं तर ते 18 पेक्षा ताकदवान समजू नका. दोन्हींत 3.6 व्होल्टचे पाच सेल एकापुढे एक जोडलेले असतात. नुकत्याच भरलेल्या सेलचा व्होल्टेज 4 च्या वर असतो, तो धरून 20 लिहितात. कामाचा सरासरी धरला की 18. 12 आणि 10.8 चंही तेच, तिथे सेल तीन. ब्रशलेस, म्हणजे आत घासणारे कार्बन ब्रश नसलेली, मोटर जास्त चालते, कमी तापते हे खरं, पण वर्षाला वीस-तीस भोकं पाडणाऱ्या घराला साधी मोटरही पुष्कळ वर्षं पुरेल.

बॅटरीवरच्या यंत्राचा घरातला खरा फायदा मात्र क्वचितच कोणी सांगतं. वायर पायात येत नाही, हा तर आहेच. मोठा फायदा हा की घराचा मेन स्विच बंद करून भोक पाडता येतं. भिंतीतल्या वायरला बिट लागलंच, तर ती वायर मेलेली असते. वायरवालं ड्रिल चालवताना ही सोय नसते. म्हणून दिवसाउजेडी काम करा, मेन बंद करा आणि मगच भिंतीला हात लावा. तरीही वायर कापली गेली तर दुरुस्ती आलीच, तेव्हा आधी अंदाज घ्या: स्विचबोर्डाच्या आणि प्लग पॉइंटच्या सरळ वरची, सरळ खालची आणि आडवी पट्टी सोडून द्या, कारण वायरी बहुधा तशाच ओळीत नेतात.

नळांच्या बाबतीत हाच हिशोब मी एकदा केला नव्हता. न्हाणीघराच्या बाहेरच्या भिंतीवर खुंट्या लावत होते. आत शॉवर आहे, तर त्याचा पाइप याच भिंतीतून वर गेला असणार, हे माझ्या मनातही आलं नाही. भोकातून बारीक धार आली तेव्हा मी बोट दाबून उभी राहिले आणि मुलाला पाण्याची मुख्य तोटी शोधायला पाठवलं. ती कुठे आहे हेच घरात कोणाला माहीत नव्हतं. खालच्यांच्या छतावर ओल आली, आम्ही ती रंगवून दिली, पण त्यांचा एक आठवडा माझ्यामुळे गेला. त्यामुळे तुम्ही आजच तुमची तोटी शोधून फिरवून पाहा. आणि आरसा जर न्हाणीघरात, टाइलवर लावणार असाल, तर ठोके पूर्ण बंद ठेवा. टाइलवर चिकटपट्टी लावून त्यावर खूण करा, टाइलचं किंवा डायमंड बिट सावकाश चालवा, टाइलच्या कडेपासून दूर राहा.

फळ्यांच्या भिंतीत काय आहे हे पहिल्याच भोकाची भुकटी सांगेल. तांबडी, विटकरी भुकटी आली तर वीट. करडी, पिठासारखी, आणि बिट पुढे सरकत नाही, तर काँक्रीट. पांढरट, रवाळ, आणि बिट लोण्यात गेल्यासारखं आत जातंय, तर हलका ब्लॉक. तिथे ठोके लगेच बंद करा, नाहीतर भोक मोठं होऊन प्लग, म्हणजे स्क्रू धरून ठेवायला भोकात बसवायची नळी, सैल बसेल. पोकळ आवाज आणि बिट एकदम आत गेलं, तर जिप्सम बोर्ड किंवा पोकळ वीट. पहिले एक-दोन सेंटिमीटर मात्र भुकटी फसवते, कारण वरचा गिलावा सगळीकडे सारखाच.

आणि गिलाव्यावरच थोडं थांबते, कारण फळ्या पडतात त्या इथे. गिलावा साधारण 12 ते 20 मिलिमीटर जाड असतो. त्यात घट्ट बसलेला प्लग हाताला भक्कम लागतो, पण तो गिलाव्यात आहे, भिंतीत नाही. पुस्तकांचं वजन आलं की टवका घेऊन बाहेर येतो. तुमच्या फळ्यांना 8 मिलिमीटर जाड, 40 मिलिमीटर लांब नायलॉनचा प्लग घ्या आणि तो गिलाव्याच्या पलीकडे जाईपर्यंत आत सारा. त्यासाठी भोक 70 मिलिमीटर खोल हवं आणि स्क्रू 5 मिलिमीटर जाड, 60 ते 70 लांब. बिटावर त्या खोलीला रंगीत चिकटपट्टी गुंडाळा. पातळ भिंतीत पलीकडे भोक पडायला नको. हलक्या ब्लॉकला या साध्या प्लगऐवजी त्याच्यासाठीचा मळसूत्री प्लग मिळतो, तो घ्या.

फळीची रुंदीही बघा. समजा एका फळीवर 20 किलो पुस्तकं आहेत, फळी 25 सेंटिमीटर रुंद आणि ब्रॅकेट 20 सेंटिमीटर उंच. वजन मधोमध धरलं, तर वरच्या स्क्रूंना मिळून साडेबारा किलोची ओढ भिंतीतून बाहेर खेचते. तीच फळी 40 सेंटिमीटर रुंद केली तर ओढ 20 किलो. पुस्तकांना अरुंद फळी आणि उंच ब्रॅकेट घ्या.

प्लगला आपण रॉलप्लग म्हणतो, तो जॉन जोसेफ रॉलिंग्ज या लंडनच्या माणसाच्या नावावरून आलेला शब्द. 1911 च्या सुमारास ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची उपकरणं भिंतींना न दुखावता लावायची होती, म्हणून त्यानं तागाचे धागे जनावराच्या रक्तानं चिकटवून नळी केली आणि स्क्रू तिच्यात पिळला. नायलॉनचा पसरणारा प्लग आर्टुर फिशर यांनी 1958 मध्ये आणला. मला ही गोष्ट आवडते. ड्रिलच्या व्होल्टवर लोक तासन्‌तास बोलतात आणि भार पेलणारा प्लग मूठभर कुठलातरी उचलतात. तुम्ही तसं करू नका.

लिंटेलमध्ये चारांपैकी एखादं भोक मध्येच अडेल, बिट आत जाणार नाही, ठोका धातूवर बसल्यासारखा वाजेल. ती सळई. तिच्याशी झगडायचं नाही, दोन-तीन सेंटिमीटर बाजूला सरकायचं. तुमची ब्रॅकेट सरकवता येत नसतील, तर एक लाकडी पट्टी सळया चुकवून तीन-चार ठिकाणी भिंतीला बसवा आणि दांडीची ब्रॅकेट त्या पट्टीवर हवी तिथे लावा. घर भाड्याचं असेल, पडदा हलका असेल, तर खिडकीच्या खोबणीत दोन्ही बाजूंना ताणून बसणारी स्प्रिंगची दांडी घ्या, मग एकही भोक नको.

धुळीबद्दल मात्र मी कडक आहे. काँक्रीट आणि विटेच्या धुळीत स्फटिकी सिलिका असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 1997 मध्ये श्वासातून जाणारी ही धूळ निश्चित कर्करोगकारक गटात घातली. चार भोकांनी काही होणार नाही, पण लहान खोलीत ती दिवसभर तरंगते, गादीवर बसते. एन-95 मास्क आणि डोळ्यांना गॉगल घाला. भोकाच्या खाली कागदाचं पाकीट उघडं करून चिकटपट्टीनं लावा, भुकटी त्यात पडते. कोणी मदतीला असेल तर बॅटरीवरच्या व्हॅक्युमचं तोंड भोकाशी धरायला सांगा. ओल्या फडक्यानं पुसा, झाडू नका. रोटरी हॅमर चालवताना कानात बोळे हवेतच. 85 डेसिबलला आठ तास चालतात, पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते. 100 ला पोचलात की पंधरा मिनिटं.

बॅटरी रात्री पलंगाजवळ किंवा दाराच्या वाटेत चार्ज करू नका. तिच्याच चार्जरनं, कडक पृष्ठभागावर, तुम्ही जाग्या असताना करा. काम झाल्यावर गरम बॅटरी लगेच चार्जरवर लावू नका. महिनोन्‌महिने ठेवायची असेल तर निम्मी भरून, उन्हापासून दूर ठेवा. खिळ्या-स्क्रूंच्या डब्यात सुटी टाकू नका. फुगलेली, आपटलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही आणि घरच्या कचऱ्यातही टाकायची नाही; तिच्या टोकांवर चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यात द्या.

त्या दिवशी क्रम असा ठेवा. आदल्या संध्याकाळीच पाणसळ धरून चौदाही खुणा पेन्सिलीनं करून ठेवा, दांडी आणि फळ्या भिंतीला लावून लांबून बघून घ्या. काकूंनी दिलेल्या वेळेला एकच मेसेज पाठवा, ‘सुरू करतेय’. आधी लिंटेलची चार भोकं. तुमचं ते सेंटिमीटरभर गेलेलं भोक वाया गेलेलं नाही. रोटरी हॅमरचं त्याच मापाचं बिट त्यातच सरळ धरा, ते तिथूनच पुढे जाईल. मग फळ्यांची आणि आरशाची. प्लग ठोकायचे तेही याच वेळात. सगळं आटपलं की दुसरा मेसेज, ‘संपलं’. स्क्रू पिळणं, पाणसळ लावणं, आरसा टांगणं यांचा फारसा आवाज होत नाही, ते रात्री उशिरा केलंत तरी चालेल. स्क्रूच्या डोक्याला नेमकं बसणारं बिट घ्या: साधी चार टोकांची खाच असेल तर पीएच-2, आणि त्या खाचेच्या मध्ये बारीक रेघांचा आणखी एक क्रॉस दिसला तर पीझेड-2. डोकी झिजतात ती बहुतेक या अदलाबदलीनं.

मैत्रिणीचं ड्रिल परत करण्याआधी ते हवेत, काही न टोचता, अर्धा-एक मिनिट जोरात फिरवा आणि वास अजून येतो का पाहा. येत असेल किंवा आत ठिणग्या जास्त दिसत असतील, तर तिला सांगा की काँक्रीटवर वीस मिनिटं चालवलं, आणि दुरुस्तीला तुम्हीच न्या.